म्हातारे मरेनात म्हणून बुडालेला श्रेष्ठी

पूर्वी चंपानगरीत दधिवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या वृद्धगृहात कारभारी होता. तिथली रीत अशी, की येताना वृद्धाने आपले सगळे सोने मालक वसुपाल श्रेष्ठीच्या हवाली करायचे आणि श्रेष्ठीने त्याला मरेपर्यंत सांभाळायचे. माणसे लवकर जातील, असा श्रेष्ठीचा अंदाज. त्या भरवशावर त्याने त्याच सोन्यातून आणखी दोन गावांत वृद्धगृहे उभारली. दारावर कोरीव हत्ती आणि आत चुलीला लाकूड नाही, असला कारभार पाहून बोधिसत्त्व मेटाकुटीला आला होता.

पण त्याची पेज गरम असे, तेलाचे मर्दन रोज होई. झोळीतून आणलेली रेवती आजी आता काठी आपटून भांडू लागली होती. कोणी मरायचे नावच घेईना.

श्रेष्ठी वैतागला. "कारभारी, पेज निम्मी करा, तेल बंद करा. दोन हिवाळ्यांत सगळं सुरळीत होईल."

बोधिसत्त्वाला संताप आला. "ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. नवी घरं विका."

"विकली तर लोक काय म्हणतील?"

लोकांना कळायचे ते कळलेच. नवे वृद्ध येईनात, आणि उरलेले सोने घेऊन श्रेष्ठी नावेने पसार झाला.

थकलेल्या उधारीपोटी धान्याचा सावकार भांडी न्यायला आला. भांडी गेली, की म्हाताऱ्यांना रस्ताच. सावकार बोधिसत्त्वाला म्हणाला, "तुमचा यात काय दोष? माझ्या पेढीवर या. मान मिळेल, घर मिळेल."

तेवढ्यात आतून रेवती आजी ओरडली, "मेला कारभारी कुठं उलथलाय?" सगळे टाकून निघून जावे, असे बोधिसत्त्वाला अगदी मनापासून वाटले.

"येतो," तो सावकाराला म्हणाला. "पण मला घर नको. वेतन धान्यात द्या आणि भांडी इथंच राहू द्या."

दिवसभर पेढीवर राबून तो सकाळ-संध्याकाळ चूल पेटवू लागला. शेवटचा म्हातारा जाईपर्यंत त्याने ती चालवली.

ही कथा सांगून शास्ता भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा श्रेष्ठी म्हणजे देवदत्त. रेवती म्हणजे ज्यांच्या सेवेला तुम्ही कंटाळलात, ते आपले आजारी स्थविर. कारभारी मीच होतो. वैताग मलाही आला होता. वैतागलेल्या हातानेही पेज गरमच वाढावी, त्यालाच क्षांती, म्हणजे सहनशीलता, म्हणतात."