शालूची पारख

“कुजका शालू! माझ्या भाचीच्या अंगावर कुजका शालू चढवलात विहीणबाई, आणि वर आमच्यावरच डोळे वटारता?”

“वटारू नको तर काय ओवाळू तुम्हाला? आमच्या घरून निघाला तेव्हा धडधाकट होता. तुमच्या घरी येऊन कुजला. तुमच्या घरची हवाच तशी!”

“आमच्या घराची हवा काढू नका!”

“मग तुम्ही आमची अब्रू काढू नका!”

बाळांनो आणि बाळांच्या आज्यांनो, ही फार फार जुनी गोष्ट आहे. राजा कोण होता हे आता राजाच्या वंशजांनाही सांगता येणार नाही, इतकी जुनी. भांडणातच सुरू होते, त्याला इलाज नाही. त्या मुलखात लग्नं अशीच सुरू होत.

भांडण चाललं होतं गौरीहराच्या खोलीत. नवरी होती गुंजा. गौरीहर पुजून ती उठली, मामाने हात धरला, तिने बोहल्याकडे पहिलं पाऊल टाकलं आणि कमरेपाशी चर्र झालं. नऊवारी शालूच्या ज्या टोकाची कमरेला गाठ मारतात, ते टोक गाठीसकट तुटून आलं. गुंजाने दोन्ही हातांनी शालू धरून ठेवला, म्हणून लाज राहिली. मामा बिचारा पाठ फिरवून बाहेर पळाला. बाहेर अंतरपाट धरलेला, त्याच्या पलीकडे नवरदेव उभा, हातातल्या अक्षता घामाने ओल्या होत चाललेल्या. आणि आत गुंजाची आत्या भिवरा आणि होणारी सासू, दोघी कंबर कसून.

आता हे असं का झालं ते ऐका.

एक नदी होती. वरच्या अंगाला एक गाव, खालच्या अंगाला एक गाव. वरचे म्हणत, खालचे लबाड. खालचे म्हणत, वरचे आमच्या वाटचं पाणी गढूळ करून सोडतात. दोन्ही गावांत शहाणपण म्हणजे संशय. दूधवाल्याचं दूध नखावर थेंब घेऊन बघायचं, पाहुण्याने आणलेला नारळ कानाशी हलवायचा, देवाचा प्रसादसुद्धा आधी शेजारणीला खाऊ द्यायचा. लेकरू रडलं तर आई विचारायची, “खरं रडतोस का?”

भिवराआत्या तर या शहाणपणाची खाण. गुंजाला तिनेच वाढवलं म्हणा ना. “पोरी, ध्यानात ठेव,” ती म्हणायची, “विश्वास म्हणजे उघडं टाकलेलं दार. कुत्रं यायला वेळ लागत नाही.”

अशा या वरच्या गावातल्या गुंजाचं लग्न खालच्या गावात ठरलं. कसं ठरलं? जत्रेत त्या मुलाने तिला पाहिलं, तिनेही त्याला पाहिलं. तिचा पाय चिखलात रुतला होता, हा हसला नाही, नुसता हात पुढे केला. गुंजाने आधी तो हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि मगच धरला. तेव्हा मात्र तो हसला. तेवढ्यावर तिचं मन बसलं. पण मुलीचं मन बसलं म्हणून लग्न होतं का? बस्ता बांधावा लागतो.

बस्त्याला दोन्हीकडच्या बाया एकत्र निघाल्या. कासाराकडे हिरवा चुडा घेताना भिवराआत्याने बांगडी बांगडीवर वाजवून पाहिली. सोनाराकडे नथ घेताना सासूने मोती दातावर घासून पाहिला. तिने घासला म्हणून आत्यानेही घासला. मुंडावळ्यांचे मोती तर इतक्या जणींच्या दातांखालून गेले, की सोनार म्हणाला, “बायांनो, नवरीच्या कपाळाला काही उरू द्या!”

मग सगळ्या तुळाजी विणकराकडे आल्या. म्हातारा माणूस. मागाभोवती शालूच शालू. सासूने मोरपंखी उचलला. आत्याने लगेच डाळिंबी उचलला.

“डाळिंबीत डाग लपतात,” सासू म्हणाली.

“मोरपंखीत रंग लपतो. पहिल्या धुण्यात अर्धा मोर उडून जातो,” आत्या म्हणाली.

“तुमच्याकडे धुतात का शालू?”

“आमच्याकडे अंग तरी धुतात!”

तुळाजीने दोघींना हात जोडले आणि आतून तिसराच शालू आणला. आंब्याच्या कोवळ्या पानाचा असतो ना, तांबूस आणि हिरव्याच्या मधला, तसा रंग. काठाला सोन्याची जर. पदरावर राघू. आणि ज्या टोकाची गाठ मारतात, त्या आतल्या टोकालाही बोटभर रुंद जरीची पट्टी. ती कोणाला दिसायची नसते. पण तुळाजी म्हणाला, “दिसत नाही म्हणून कमी का करायचं?”

हे वाक्य ऐकून दोन्हीकडच्या बायांना पहिला संशय आला. न दिसणाऱ्या जागी कोण सोनं घालतं? लबाडच घालणार!

तुळाजी गुंजाकडे वळला. “पोरी, तुला आवडला का?”

गुंजा गोंधळली. “खरा आहे का?” हा प्रश्न तिने हजारदा ऐकला होता. “आवडला का?” हा कोणी विचारलाच नव्हता. ती नुसती मान हलवून राहिली. आवडला होता. इतका, की बघताना तिला भीती वाटली.

शालू ठरला. रिवाजाप्रमाणे तो आधी मुलाच्या घरी गेला, देवापुढे राहिला, आणि हळदीच्या आदल्या दिवशी मुलीच्या घरी आला.

आता या दोन गावांत जर पारखायची एक रीत होती. जरीचा एक धागा ओढायचा आणि दिव्यावर धरायचा. आतलं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास आला आणि मागे पिवळीधमक तार उरली, तर जर खरी. काळी पडली, तर खोटी. रीत चांगली. एक धागा गेल्याने शालूचं काही बिघडत नाही.

सासूने देवाला नमस्कार केला, दार लोटलं आणि एक धागा ओढला. कुठला? आतल्या टोकाच्या पट्टीतला, कारण तो कोणाला दिसायचा नव्हता. तार पिवळी उरली. तिला बरं वाटलं. मग वाटलं, विणकराने एकच धागा खरा घातला असेल तर? तिने आणखी काही ओढले. सगळे खरे. पुढे नवरदेवाची बहीण, ती करवली, आली. आईने पारखलंय हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी तिने आईवर कुठे विश्वास ठेवला असता? तिनेही ओढले.

शालू मुलीच्या घरी आला. आत्याच्या मनात आलं, खालच्यांनी बदलला असणार. ती धान्याच्या कोठीआड शालू घेऊन बसली. गुंजाच्या आईच्या मनात आलं, नणंदबाई सांगतील ते खरं कशावरून? ती न्हाणीघरात घेऊन गेली. जागा सगळ्यांनी तीच निवडली, कारण सगळ्यांचं डोकं एकाच चाकावर घडलेलं.

आणि उरलेली तार? ती कोणी टाकली नाही हो. सोनं कोणी टाकतं का? प्रत्येकीने ती आपापल्या पदराच्या गाठीत बांधली.

हळदीच्या दुपारी सगळ्या जेवून लवंडल्या होत्या. भिवराआत्या गुंजाच्या कानाशी लागली. “एकदा तूही बघून घे बाई. जन्म तुला काढायचाय.” गुंजाने पेटी उघडली. पट्टी तिला जरा बारीक वाटली. बोटभर होती ना? आता अर्ध्या बोटाचीही नव्हती. तिला वाटलं, खालच्यांनी दुसराच शालू पाठवलाय. ज्याचा हात धरला त्याच्या घरच्यांनी! तिचे डोळे भरून आले. पण तिने आईला विचारलं नाही, आत्याला विचारलं नाही, पलीकडे निरोप धाडला नाही. तिने धागा ओढला. आणखी एक ओढला. तार पिवळी. वास खरा. शालू तोच, राघू तेच. मग पट्टी कुठे गेली, हा प्रश्न तिने पेटीत घातला आणि वरून झाकण लावलं.

आडवे धागे असे गेले. उभे धागे नुसते एकमेकांशेजारी उभे राहिले, धरायला कोणी नाही. त्यांच्यावर गाठ मारली. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

तर खोलीत भांडण पेटलेलं. बाहेरून भटजी ओरडले, “मुहूर्त टळतोय!” सासूने मुलाला हाक मारली, “चल रे घरी. या घरची सोयरीक नको.” पलीकडून मुलगा म्हणाला, “आई, मी कुठे जात नाही.” सासू जास्तच भडकली. गुंजाच्या आईने कपाळावर हात मारला. मांडवातून परत गेलेल्या वराची नवरी म्हणजे त्या काळी जन्माची थट्टा.

तेवढ्यात भिवराआत्या थांबली. तिला एकदम सुचलं.

“विहीणबाई,” ती हळू आवाजात म्हणाली, “आपण दोघी का भांडतोय? शालू तुम्हीही विणला नाही, मीही विणला नाही.”

सासूनेही क्षणभर विचार केला. “खरंच की! तो थेरडा! न दिसणाऱ्या जागी जर घालत होता, तेव्हाच मी म्हटलं होतं.”

“मीही म्हटलं होतं.”

“आपलं मत जुळलं बघा!”

जन्मात पहिल्यांदा वरच्या आणि खालच्या गावाचं एकमत झालं, आणि झालं ते तिसऱ्याच्या गळ्यावर. दोन्ही गावांचा कायदा होता, ज्याचं कापड नवरीच्या अंगावर फाटेल, त्याचा माग चव्हाट्यावर फोडायचा आणि त्याला नदीपार हाकलायचं. मांडवातले चार बाप्ये कुऱ्हाड शोधायला उठलेसुद्धा. तुळाजी मांडवाच्या कोपऱ्यात पाहुणा म्हणून बसला होता. कुऱ्हाडीचं ऐकून त्याने हातातल्या अक्षता खाली ठेवल्या.

“चल गुंजा,” आत्या म्हणाली, “दुसरं लुगडं नेस. लग्न वाचलं.”

लग्न वाचलं होतं. गुंजाने गप्प बसायचं होतं, बस्स. गप्प बसली की अंतरपाट दूर होणार, तो हात पुन्हा पुढे येणार. बोलली तर? बोलली तर आई खोटी, आत्या खोटी, सासू खोटी, आणि सासू खोटी पडली की कुठलं सासर? तिने हातातल्या शालूकडे पाहिलं. मोकळे उभे धागे तिच्या बोटांवरून लोंबत होते. बोटभर पट्टी एकटीच्या दोन धाग्यांनी संपत नाही, हे भांडण ऐकतानाच तिच्या लख्ख ध्यानात आलं होतं.

तिने शालूच्या पदराची गाठ सोडली; नेसतानाच तिने आपल्या तारा तिथे बांधल्या होत्या. गौरीहरापुढचं तांब्याचं ताम्हन ओढलं आणि आपल्या दोन तारा त्यात टाकल्या.

“हा शालू कुजका नव्हता,” ती म्हणाली. “मी ओढलाय. जर खरी निघाली. अजून कोणी पारखलाय?”



“मी कशाला—” सासू म्हणाली, आणि तिचा हात आपसूक पदराच्या गाठीवर गेला. तो सगळ्यांनी पाहिला.

आधी गुंजाची आई पुढे आली. तिने तारा ताम्हनात सोडल्या. मग करवली रडायलाच लागली, “मी थोड्याच ओढल्या हो वहिनी,” म्हणत तिने गाठ दातांनी सोडली. सासूने तोंड फिरवून तारा टाकल्या. सगळ्यात शेवटी भिवराआत्या आली. तिची गाठ सगळ्यांत मोठी होती. ताम्हनात पिवळ्या तारांचा झुबका झाला. एकही काळी नव्हती.

कुऱ्हाडवाले दारात होते तसे थिजले. तुळाजी उठून उंबऱ्यापाशी आला. त्याने ताम्हनाकडे पाहिलं, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुम्हाला वाटेल, संपलं. छे! संशय इतक्या लवकर मरत नाही.

“पण पहिला धागा कोणी ओढला?” भिवराआत्या म्हणाली. “शालू आधी तुमच्या घरी होता! सुरुवात तुमची!”

“आणि जास्ती कोणी ओढले?” सासू उसळली. “ताम्हनात बघा की! शेवट तुमचा!”

“पहिला धागा म्हणजेच पाप!”

“शेवटचा धागा म्हणजेच फाटणं!”

पुन्हा पदर खोचले गेले, पुन्हा बाहेर भटजी ओरडले.

पुढे काय झालं ते आधीच सांगते, कारण गोष्ट जिथे थांबायची तिथेच थांबली पाहिजे. तुळाजीचा माग राहिला. फाटलेलं टोक कापून गुंजा तोच शालू नेसली, निऱ्या दोन कमी आल्या, आणि मुहूर्ताची शेवटची घटका सरता सरता तिच्या गळ्यात हार पडला. त्या दोन गावांत तेव्हापासून शालू मांडवात सगळ्यांसमोर उलगडतात, आणि विणकराच्या हातूनच एक धागा सगळ्यांसमोर दिव्यावर धरतात. तो एकच.

हे सगळं पुढे झालं. त्या घडीला दोघी एकमेकींच्या अंगावर धावून जायच्या बेतात होत्या. गुंजा मधे उभी राहिली. एका हातात शालू, दुसऱ्या हातात ताम्हन. आणि ती म्हणाली:

“शंका आली तर चौघांत उघड विचारावी, आत्या; आपण प्रत्येकीने शालू लपून पारखला, आणि सोनं खरं निघूनही वस्त्र फाटलं.”