औटकीचा पाषाण

एका राज्यात नद्या दोन होत्या, जादूगार सात होते आणि शाळा मात्र एकच होती. त्या शाळेत शंका विचारली म्हणून कराळ नावाच्या मुलाने विश्वंभर गुरुजींची छडी खाल्ली. पुढे तो जादूगार झाला, परत आला आणि गुरुजींना त्यांच्याच आसनावर पाषाण करून गेला. गुरुजींच्या हाताखाली शिकवायला शिकणारी चंपावती तेवढी मागे उरली.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "मुली, दिवस तीन, पाठ तीन. मुलांना एक गोष्ट खरी समजली तर गुरुजी सुटतील. न समजता 'हो' आला तर तूही पाषाण."

चंपावती घाबरली. का घाबरू नये? वर्गापुढे एकटीने उभं राहायची तिची ही पहिलीच खेप.

पहिल्या दिवशी तिने गुरुजींसारखा घसा खाकरला आणि औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, घोकून घेतली. "एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा... समजलं?"

"होऽऽ!" पोरं एका सुरात ओरडली. तिची पावलं दगडाची झाली.

दुसऱ्या दिवशी तिने छडी आपटली. "समजलं?"

"होऽऽ!" आवाज दुप्पट. दगड कमरेपर्यंत चढला.

तिसऱ्या दिवशी 'समजलं?' पुन्हा ओठांवर आलं. ते तिने गिळलं. लाज वाटली, तरी बोलली. "मला पाढा पाठ आहे, पण तीन औट साडेदहा का, ते मलाच कळलेलं नाही. तुम्हांला कळलंय?"

मग कुंभाराची ठकी उठली. "बाई, मला तर कायबी न्हाई कळलं."

दगडाला तडा गेला. "सोडा शिदोऱ्या!" चंपावती म्हणाली. साडेतीन-साडेतीन भाकऱ्यांच्या तीन चळती लागल्या. अख्ख्या भाकऱ्या नऊ भरल्या, अर्ध्या तीन उरल्या. ठकीने दोन अर्ध्या जुळवल्या. "ही धावी! आन् ही अर्धी उरली! साडेधा!"

दगडाचा भुगा झाला. आसनावर गुरुजी शिंकले. चंपावती मटकन खाली बसली आणि पोरांदेखत हसता हसता रडली. इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं.

गुरुजींनी आधी कराळाला निरोप धाडून माफी मागितली. मग कालपरवापर्यंत तिला 'ए पोरी' म्हणणारे ते गुरुजी आसन सोडून ठकीशेजारी चटईवर बसले आणि हात वर करून म्हणाले, "बाई, चार औट चौदा का हो?"