दौलतचा ॲक्सल

ट्रक एकमेकांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. एका सकाळी बाबालाल मिस्त्री नेहमीप्रमाणे चहा घेऊन कामाला लागले. वजन ओढण्याच्या शर्यतीसाठी ते जुन्या भैरू ट्रकला नव्याने बांधत होते. आज मागचा दणकट ॲक्सल बसवायचा होता.

ॲक्सल बसताच भैरूने हसून विचारलं, "काय पाव्हणं, कुठल्या गावचं?"

"दौलत ट्रकचा मी. परवा त्याला भंगारात तोडलं."

वीस वर्षं भैरू आणि दौलत एकाच घाटातून ऊस वाहत होते. दौलत दुरुस्तीला गेलाय, असंच भैरूला वाटत होतं.

"मी जागचा हलणार नाही," तो म्हणाला. "मित्राच्या हाडांवर जिंकायचं नाही मला."

"अरे खुळ्या, तू अडलास तर मीही भट्टीत जाईन. मग दौलतचं काय उरेल? ओढ."

शर्यतीत भैरूने दगडांनी भरलेला गाडा रेषेपार नेला. गुलाल उधळला, हार पडले. बाकीचे ट्रक म्हणाले, "काय जोर आहे रे तुझा!"

भैरू लाजून हसला. हा जोर दौलतचा आहे, हे सांगायचं राहून गेलं.