चहाला गेलेला गांगल

आईशपथ, गोष्ट खरी आहे. घडली तेव्हा मी तिथेच होतो, वर्गात, तिसऱ्या बाकावर. म्हणजे बाकावर नव्हतो, बाहेर जिन्यात उभा होतो. पण दार उघडं होतं आणि माझे कान शाबूत आहेत.

“मग हे नाव खोडायचं कधी, सर?”

विचारणारा हेरवाडकर. बँकेतला अधिकारी, मोडक सरांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

सांगलीत एका कापडदुकानाच्या माडीवर सर दर शनिवारी बँकवाल्यांना शिकवत. रोखे, शेअर, कर्जं पुस्तकात कशी धरायची, तोटा कधी दाखवायचा. आता सरांना आकडे दिसेनासे झाले होते. पुढच्या शनिवारपासून वर्ग हेरवाडकर घेणार, म्हणून हजेरीपट त्याच्या हातात आला होता.

त्यात गांगल होता. सर दर शनिवारी त्याचं नाव पुकारत, क्षणभर दाराकडे बघत, मग पुढचं नाव घेत. अकरा वर्षं हेच.

“हा गांगल गेलाय कुठे?”

“चहाला.”

वर्गात खसखस पिकली.

“हसता काय? ‘वर्ग सुटायच्या आत येतो’ म्हणून गेलाय.”

“अकरा वर्षं चहा? सर, तो इंदूरला बड्या पगारावर आहे. सगळ्यांना ठाऊक आहे.”

“साखर जास्त घेतो तो. ढवळायला वेळ लागतो.”

हेरवाडकर इरेला पेटला.

“तुम्हीच शिकवलंत, सर. कर्ज दिलं त्याच दिवशी, परत न येणाऱ्या भागाची तरतूद करायची. घेणारा कितीही चांगला असो.”

“केली होती. पहिल्याच दिवशी. फार हुशार होता… हुशार पोरं राहत नाहीत.”

हेरवाडकरनं एकदा घसा साफ केला.

“नव्वद दिवस थकलं, की खातं बिघडलं समजायचं.”

“एक्क्याण्णवाव्या दिवशी समजलो.”

“आणि परत येण्याची वाजवी आशा उरली नाही, की पुस्तकातून काढून टाकायचं.”

“अगदी बरोबर.”

सरांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं.

“खोड.”

हेरवाडकरनं टोपण काढलं. गांगलच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सरकवत नेलं.

या वर्गाची एक रीत होती. निम्मी मंडळी तासगाव, विट्याहून एसटीनं यायची. कुणाची गाडी चुकायची, कुणाची बंद पडायची. म्हणून गैरहजेरीची फुली वर्ग सुटल्यावरच मारायची, आधी नाही. बाकीच्यांच्या नावांपुढे अशा फुल्या होत्या.

गांगलच्या चौकटी कोऱ्या होत्या.

हेरवाडकरनं मागची पानं उलटली. आणखी मागची…

“सर, याला फुलीच नाही.”

“नाही.”

“एकसुद्धा?”

सर दाराकडे बघत राहिले. त्या डोळ्यांना दार तरी दिसत होतं की नाही, देव जाणे.

हेरवाडकरनं हजेरीपट मिटला, पेन हातात तसंच उघडं. मग त्यानं विचारलं. आवाज इतका खाली गेला होता, की पुढच्या बाकावरच्यांनाच ऐकू आला.

“सर… उद्या मी गेलो तर?”

“टोपण लाव. शाई वाळते.”

पुढच्या शनिवारी हेरवाडकरनं हजेरी घेतली. सर शेवटच्या बाकावर, काठी गुडघ्यांत धरून बसले होते. ‘गांगल’ म्हणून तो थांबला. दाराकडे बघितलं. मग पुढचं नाव घेतलं.

आता कबुली देतो. जिना मी रचला. कसला जिना आणि कसलं काय, मी इंदूरला होतो. हेरवाडकरनं माझा नंबर कुठून पैदा केला कोण जाणे, फोनवर त्यानंच हे सगळं ऐकवलं.

साखरेचं मात्र खरं आहे. तीन चमचे लागतात.

“आणि वर्ग सुटताना?” मी विचारलं. “सर काही म्हणाले?”

“तेच, दर शनिवारचं. ‘वर्ग सुटला’ असं ते कधी म्हणतच नाहीत. अहो, आम्ही झाडून सगळे उठलो होतो, बाकावर कुणी उरलं नव्हतं. तरी काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले…

“‘बाकीच्यांनी जायला हरकत नाही.’”