बिनडोळ्यांचा मुखवटा

फार जुन्या काळी, गडांनाही जीव असे तेव्हाची ही गोष्ट.

एका गडाच्या पोटात, दार नसलेल्या भिंतीआड दोरकरी राहत. पांढरेफटक, बिनडोळ्यांचे, मुके. त्यांच्या हातांतून निघालेले दोर गडभर पसरलेले होते. पहारेकऱ्याने हाक दिली की ते दोर ओढत, आणि तेव्हाच गडाचा दरवाजा उघडे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना कुणी पाहिलं मात्र नव्हतं; त्यांचा एक जुना मुखवटा तेवढा उरला होता.

पहारेकरी निवडायची तिथे एक रीत होती. अंधाऱ्या खोलीत एक म्हातारी गडावरच्या एकेकाचा मुखवटा चढवून, हाती भाला दिलेल्या पोरांपुढे येई. कुंभार, न्हावी, परटीण आणि शेवटी दोरकरी. जो भाला उगारी, त्याला कायमचं घरी पाठवत.

दोरकऱ्याचा मुखवटा पाहिलेली पोरं पुढे झोपेत किंचाळत. म्हातारीला दया आली. एका पहारेकऱ्याच्या धाकट्या भावाची पाळी आली, तेव्हा तिने तो मुखवटा फडक्यात गुंडाळून ठेवला.

"मला दाखवलास आणि याला सूट का गं?" थोरल्याने विचारलं.

"भिंतीआडच्यांशी त्याची गाठ कशाला पडतेय? लेकरू आहे रे."

धाकटा पहाऱ्यावर उभा राहिला. एका धुक्याच्या सकाळी थोरला लाकडं आणायला निघाला.

"दार वाजवीन. पेंगू नकोस, शहाण्या."

"ये तर खरा दादा, दारातच ताटकळत ठेवतो!"

तो गेला आणि जमीन हादरली. भिंतीला भगदाड पडलं. धुक्यातून पांढरे हात चाचपडत बाहेर आले. मागून चेहरे आले, त्यांना डोळे नव्हते.

"भुतं!" धाकटा ओरडला. त्याचा भाला थांबलाच नाही. हात तुटले, दोरही तुटले.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर लांडगे गुरगुरत होते.

"उघड रे! थट्टा पुरे!"

धाकट्याने खांदा लावला, नखं रुतवली. दार हललं नाही. त्याच्या पायाशी एक दोरकरी मरत होता. एकाच हाताने तो तुटका दोर ओढत होता, ओढतच होता.

मग दार वाजायचं थांबलं.

आता त्या अंधाऱ्या खोलीत धाकटाच बसतो. सगळ्यात आधी तो फडक्यातला मुखवटा चढवतो आणि पोरांच्या तोंडाशी तोंड आणतो.

"काढा ना तो!" पोरं रडतात.

"थरथर कापलास तरी चालेल. भाला तेवढा खाली ठेव. तुझ्या दादाचं दार हेच उघडतात."

आपल्यातलं जे भेसूर दिसतं, त्याची ओळख आधी करून घ्यावी, मगच हाती शस्त्र धरावं.