छेदातली माणसं

कर्दळगडाला वेढा पडला होता. गड सोडलात तर माणसांना सुखरूप जाऊ देऊ, असा शत्रूचा निरोप होता. पण किल्लेदार रायाजीराव हट्टाला पेटले होते, आणि गडावर माणसं तहानेनं मरत होती. टाक्यातून रोज एकच रांजण पाणी निघे, ते सगळ्यांत सारखं वाटलं जाई.

एके सकाळी रायाजीरावांनी उरलेल्या लोकांना सदरेवर बोलावलं.

"आधी माणशी रांजणाचा शंभरावा हिस्सा मिळत होता, आज पन्नासावा मिळतो. आमच्या कारभारात पाणी दुप्पट झालं! जोशीबुवा, तुम्ही गणिती. सांगा लोकांना, हिशेब बरोबर आहे ना?"

विश्वंभर जोशी खांबाला धरून उठला. आदल्याच दिवशी त्यानं तहानेनं गेलेल्या बायकोला अग्नी दिला होता. आता भ्यायचं तरी कशासाठी?

"हिशेब बरोबर आहे, सरकार. अपूर्णांकात वर अंश असतो, खाली छेद. अंश म्हणजे पाणी, ते होतं तेवढंच आहे. छेद म्हणजे आम्ही माणसं. आम्ही शंभराचे पन्नास झालो, म्हणून हिस्सा वाढला. असाच कारभार चालू द्या. छेदात एकटे आपण उराल, तेव्हा अख्खा रांजण आपलाच!"

रायाजीराव सदरेवरच्या मोकळ्या जागांकडे बघत राहिले. मग मान खाली घालून त्यांनी गडाचा दरवाजा उघडायला सांगितलं.

लोक गडाखालच्या नदीवर धावले. विश्वंभरनंही ओंजळ भरली. पण बोटांतून सगळं पाणी गळून गेलं, तरी ती ओंजळ त्याला तोंडाशी नेववली नाही.