गुरुपादय्या खाली राहिला

गोऱ्यांचा अंमल नुकता बसत होता, त्या काळची ही गोष्ट. शिरगूरवाडीत गुरुपादय्या नावाचा जंगम होता, लिंगायतांचा गुरू. पालखीत बसणारा नव्हे, दारोदार भिक्षा मागून मठ चालवणारा. लिंगायतात मेलेल्या माणसाला बसवून, हार घालून नेतात आणि बसवूनच पुरतात. खड्ड्यात उतरून शेवटचा मंत्र जंगमानंच द्यायचा.

तेव्हा हुकूम सुटला, शिकारीवर आणि गावराखणीवर जगणाऱ्या बेरडांची हत्यारं काढून घ्या. बेरड उठले. मठानं त्यांना भाकरी दिली, दर्ग्याच्या मुजावरानं बंदुकीची दारू दिली. एका सकाळी त्यांचा म्होरक्या हणमा खांद्यात गोळी घेऊन मठात आला आणि मागोमाग पलटणीनं गावाला वेढा घातला. हणमा सापडला तर फाशी, आणि उठावही तिथंच संपला.

गुरुपादय्यानं त्याला राख फासली, जखम हारांखाली झाकली, खुर्चीत बसवलं. मठातला सेवेकरी गेला, असं सांगितलं. गावाबाहेर पडलं की हणमानं ओढ्यानं पळायचं, असा बेत.

वेशीवर हवालदारानं अडवलं. तो याच मुलखातला, रीत जाणणारा. त्यानं मढ्याच्या तळपायाला जळती विडी लावली. असं म्हणतात, बघणाऱ्या बायांच्या पायाला फोड आले, पण हणमाची पापणी लवली नाही.

"माती पडेपर्यंत मी सोबत आहे," हवालदार म्हणाला. "खाली दोघं जातील, स्वामी. वर एकच आला पाहिजे."

बेत मोडला.

दोघं खड्ड्यात उतरले. मंत्र चारचौघांत देत नाहीत, म्हणून वर शाल धरली. बराच वेळ गेला. मग डोक्यावरून घोंगडी घेतलेला एक माणूस वर आला. कफनी जंगमाची होती, चाल नव्हती.

जंगमाची बायको नीलव्वा समोरच उभी होती. हवालदार तिच्याच तोंडाकडं बघत होता.

"मेलेल्याशी एवढं काय बोलत बसायचं?" ती त्या माणसाला म्हणाली. "चला घरी, भाकरी गार झाली."

आणि पहिली मूठ माती तिनं टाकली.

हणमा पुढं चार वर्षं लढला. असं म्हणतात, तीन दिवस जमिनीखालून जंगमाचा शंख वाजत होता आणि पलटणीची घोडी त्या वाटेला पाऊल टाकेनात. नीलव्वानं कुंकू पुसलं नाही. पुसलं असतं तर हवालदाराला कळलं असतं.

आजही शिरगूरवाडीत जंगम खड्ड्यात उतरला की त्याच्या कमरेला लांब धोतर बांधतात. दुसरं टोक लिंगायत धरतो, बेरड धरतो, मुजावर धरतो. गुरुपादय्याचं नाव घेऊन त्या जंगमाला वर ओढतात, आणि त्याचं तोंड सगळ्यांनी नीट बघितल्याशिवाय कुणी माती टाकत नाही.